म्हशीला टाच नसते

“लेकराला ह्यातलं घालू नगंस,” याकोबकाका म्हणाले होते, आणि सलोमी हसली होती.

रविवार होता. चर्च सुटल्यावर काका नेहमीसारखे व्यायामाला आले होते. तीन वर्षांपूर्वी मिरजेबाहेरच्या कत्तलखान्यात गाडीतून म्हैस उतरवताना त्यांचा उजवा खुबा मोडला, तेव्हापासून ते लंगडतच तिथं कामाला जायचे आणि सलोमी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची. ती फिजिओथेरपिस्ट. हन्ना झाल्यावर नोकरी सुटली, पण लोकांच्या पायांकडे बघायची खोड काही सुटली नाही. काकांची चाल तर तिला पाठ होती. आज ओट्यावर म्हशीच्या खिम्याचं पाकीट वितळत होतं आणि चौदा महिन्यांची हन्ना खुर्चीला धरून डुगडुगत उभी होती.

सलोमी काही निष्काळजी आई नव्हती. एकेका द्राक्षाचे चार तुकडे करायची, अंघोळीचं पाणी कोपरानं तपासायची, नवं खेळणं आधी स्वतः हुंगायची. म्हणूनच तिला हसू आलं. तिनं मोबाइल पाकिटावर धरला. पडद्यावर हिरवा खूर उमटला.

“बघा काका. चाळीसच्या चाळीस पावलं, स्वतःच्या पायांनी चालून आलीय बाई.”

काका पडद्याकडे बघत राहिले. “व्हय. चाललीया खरी,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले. चहा सोडून काका आजवर कधी उठले नव्हते. सलोमीच्या ते ध्यानात आलं, पण तेवढ्यात हन्नानं पिठाचा डबा अंगावर ओढून घेतला आणि ती गोष्ट तिथंच राहिली. खिम्याचे मऊ गोळे हन्नानं आवडीनं खाल्ले.

त्या हिरव्या खुराला चार वर्षं झाली होती. त्याआधी एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती. उठता न येणारी म्हैस, तिच्या मानेला साखळी, अंगाला विजेची कांडी. बसलेलं जनावर आजारी असण्याचा संभव जास्त. त्याला फरपटत नेणं हे क्रौर्य आणि त्याचं मांस विकणं हा खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. दोन्ही गोष्टी एकाच नियमानं थांबवायच्या ठरल्या. गाडीपासून फाटकापर्यंतची चाळीस पावलं जनावरानं आपल्या पायांनी चालायची. त्यासाठी पुढच्या उजव्या पायात, खुराच्या वर, कुलूपबंद पायकडं आलं. पाऊल टेकलं की बसणारा धक्का पायकडं टिपायचं, आणि जनावर चाललं की ओढलं गेलं, हे यंत्र ठरवायचं. चाललं तर हिरवा खूर. ओढलं तर लाल, आणि जनावर पशुवैद्याकडे. तोच खूर पुढे पाकिटावर यायचा. लोकांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला, की रंग बघून, वास घेऊन मांस पारखणारी माणसंच उरली नाहीत.

पुढच्या रविवारी काका व्यायामाला आले नाहीत.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी साऱ्या तालुक्याचे मोबाइल एकदम वाजले. बासष्ट टन मांस परत मागवलं होतं. ते खाल्लेल्यांमध्ये ‘बसका ताप’ आढळला होता. आधी जनावर बसतं, मग त्याचं मांस खाणारं माणूस. सलोमीनं यादी तीनदा वाचली. आपलं पाकीट त्यात नाही हे पाहून तिनं निःश्वास सोडला आणि हन्नाला पाळण्यातून उचलून जमिनीवर उभं केलं.

हन्नाचे पाय दुमडले. पुन्हा उभी केली, पुन्हा दुमडले. कालपासून अंग कोमट होतंच. दात येत असतील म्हणून सलोमीनं मनाची समजूत घातली होती. आता कपाळाला हात लावला तर चटका बसला.

दवाखान्यात डॉक्टर तांबोळींच्या दाराशी रांग होती.

“पाकीट यादीत आहे?” डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

“नाही. यादी चार तारखेनंतरच्या मालाची आहे. आमचं त्याच्या आठवडाभर आधीचं.”

“मग साधा ताप असेल. तपासणीचे संच मोजके आलेत गं, यादीतल्यांसाठीच वापरायचा आदेश आहे.”

“यादीत नाही म्हणजे खाल्लंच नाही, असं असतं का डॉक्टर?”

डॉक्टरांनी हन्नाचे गुडघे दाबून पाहिले. चेहरा उतरला. “तसं नसतं. आणि हा तोच ताप असला, तर आज औषध सुरू झालेलं बरं. उशीर झाला तर पायांतली ताकद परत येतेच असं नाही. पण मला काहीतरी आधार लागेल, सलोमी. काहीही आण.”

सलोमीकडे होतं. हन्नानं खाल्लेल्या प्रत्येक वस्तूचं वेष्टन ती महिनाभर डब्यात जपून ठेवायची. तिचा नवरा अनुग्रह चिडवायचा, “आपल्याकडे कचऱ्याचीसुद्धा फाईल असते.” आता त्यालाच तिनं फोन केला, आणि तो अख्खा डबा घेऊन धावत आला.

बाहेरच्या बाकावर, हन्नाला मांडीवर घेऊन, सलोमीनं वेष्टनावर मोबाइल धरला. हिरवा खूर आला. आज ती तिथं थांबली नाही. खुराच्या खाली बारीक अक्षरात ‘पावलांचा आलेख’ असं होतं. ते कुणी उघडत नसे. तिनं उघडलं.

चाळीस पावलांची वेडीवाकडी रेघ समोर आली. कॉलेजात असल्या शेकडो रेघा तिनं वाचल्या होत्या. खूर जमिनीवर एकदाच आदळतो, म्हणजे एका पावलाला एक टोक हवं. इथं दोन होती. आधी एक ठसठशीत, लगेच मागून एक बुटकं. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. चाळीस वेळा.

“अनुग्रह,” ती म्हणाली, “म्हशीला टाच नसते.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे माणूस चाललंय.”

ती हे डॉक्टरांना सांगायला उठणार, तोच तिला आणखी काहीतरी दिसलं. प्रत्येक टाचेच्या आधी एक बारीक खरवड होती, अंगठा जमिनीला घासल्याची. खुब्यातून उचललेला, बाहेरून वळवून टाकलेला उजवा पाय. ही चाल तीन वर्षं, दर रविवारी, तिनं आपल्या घरात बघितली होती.

डॉक्टर विचारणार, कुणाचा पाय? आणि नाव सांगितलं की एकटा, साठीचा, लंगडा माणूस सगळ्या गावाच्या तोंडी जाणार. मांडीवर हन्ना कण्हली. सलोमीनं फोन लावला.

“काका, ते कडं तुमच्या पायात होतं ना?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “पोरीनं खाल्लं का ते?”

“खाल्लं.”

“आलो.”

वीस मिनिटांनी दवाखान्याच्या फरशीवर तोच आवाज आला. खरवड, टाच, चवडा. काका थेट डॉक्टरांसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“बसलेली म्हस बघितलीया का कधी, बाई? डोळं मोठं करून बघती नुसती. आमचा वरचा बाबर साहेब म्हणायचा, उठव. कांडी लावायची, उठत न्हाई, परत लावायची. कड्याचं आल्यापासनं तर जास्तच. चाळीस पावलं झाली पायजेत ना! एक दिस मी म्हणलं, साहेब, नगा मारू त्या जित्राबाला, तिच्या वाटणीचं मी चालतो. साहेब हसला. म्हणला, चाल की. खिशातनं किल्ली काढली, कडं सोडवलं आन् माझ्या पायात घातलं.”

“आणि म्हैस?”

“पडल्या जागीच, एका घावात संपली. तिला कळलंबी न्हाई.” काकांनी डोळे पुसले. “मला वाटलं, दया केली. मग त्यो रोजच कडी आणून द्याया लागला. दिसाला पाच-पाच, सहा-सहा.”

सलोमीचा आवाज चढला. “मग मला नीट का नाही सांगितलंत? नुसतं ‘घालू नको’ म्हणून भागतं का? लेकरू आहे ते!”

“तू फोन दावलास, पोरी. हिरवा खूर. त्यात माझाच पाय दिसला. तोंडच उघडंना.”

डॉक्टर तांबोळींनी कपाट उघडलं आणि संच बाहेर काढला. दहा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा आल्या, बसका तापच. औषध तिथल्या तिथं सुरू झालं. गडबडीत डॉक्टरांनी काकांचा हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, तुम्हीही तापलाय की! तुमचीही तपासणी करू.”

“आधी पोरांचं बघा,” काका म्हणाले. डॉक्टर हन्नाकडे वळल्या, मागं वळून बघतात तर काका नव्हते.

पाचव्या दिवशी हन्ना पलंगाचा गज धरून उभी राहिली. सलोमी तिच्या पायांकडे इतका वेळ बघत राहिली, की शेवटी नर्सनं विचारलं, “ताई, मोजताय काय?”

त्या पाच दिवसांत तिनं दुसरंही काम केलं होतं. आलेख कसा वाचायचा ते सोप्या शब्दांत लिहून तिनं अन्नसुरक्षा कार्यालयाला दिलं आणि लोकांनाही. लोकांनी जुनी वेष्टनं कचऱ्यातून शोधून काढली. मागच्या पाच महिन्यांच्या मालात तीनशे अठरा म्हशींना टाच निघाली. बासष्ट टनांची यादी नऊशे टनांवर गेली, आणि तिच्याबरोबर कितीतरी तापलेली पोरं तपासणीच्या रांगेत आली.

कत्तलखान्याच्या कंपनीनं पत्रक काढलं: ‘एका कामगारानं आमचा विश्वासघात केला.’ सलोमीनं दोन ओळींचं उत्तर दिलं. कडं किल्लीशिवाय निघत नाही, आणि किल्ली कामगाराकडे नसते. कुलपांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर वेळी एकच किल्ली लागली होती, बाबर साहेबांची. पण साहेबांच्या वर कुणी रोजच्या हिरव्या खुरांचा आकडा बघून शाबासकी देत होतंच की. यंत्र बनवणाऱ्यांनाही विचारलं गेलं, तुमच्या यंत्राला माणूस कसा कळला नाही? ते म्हणाले, ‘चाललं की ओढलं’ एवढंच त्याला विचारलं होतं. ‘कोण चाललं’ हे कुणी विचारलंच नाही.

सलोमीला वाटलं, तिनंही कुठं विचारलं होतं? शहाणा माणूस समोर बसून नको म्हणत होता, आणि तिनं त्याला पडदा दाखवला होता.

काकांच्या घराला कुलूप होतं. फोन बंद. चर्चमधल्या एकानं त्यांना जतच्या एसटीत चढताना पाहिलं होतं, अंगात स्वेटर, भर उन्हाचं.

हे कळलं त्या दुपारी हन्ना झोपल्यावर सलोमीनं ते वेष्टन पुन्हा मोबाइलखाली धरलं. आलेखाच्या तळाशी ग्राहकांच्या अभिप्रायाची रिकामी चौकट होती; तिच्यात लिहिलेलं कंपनीच्या प्रत्येक पाकिटाच्या आलेखाखाली दिसायचं. आता कुठलंही पाकीट तपासणारा माणूस आलेख उघडल्याशिवाय राहत नव्हता, म्हणजे चौकटही वाचणार होता. ती लिहू लागली.

‘हे वाचणाऱ्यांनो, आलेखातली टाच बघून तुम्हाला राग येईल. मलाही आला होता. पण हा पाय ज्यांचा आहे, त्या याकोब आवळे यांना ताप आहे आणि औषध मिळालेलं नाही. त्यांना वाटतं, आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. ते जतकडे गेलेत, कदाचित तुमच्या गावात असतील, एखाद्या बंद खोलीत. बाहेरून चाहूल घ्या. आधी अंगठा घासल्याचा आवाज येईल, मग टाच, मग चवडा. चाहूलच आली नाही, तर ते बसले असतील. मग थांबू नका. त्यांना सांगा, हन्ना चालायला लागली. सांगा, सलोमीनं चहा ठेवलाय.

ते दार उघडणार नाहीत. तरी जरा वाजवून बघाल का?’