हातावरचं दही

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या मराठी सदनाच्या कँटीनमध्ये साबुदाणा वड्याची शेवटची प्लेट एका उंच मुलाने माझ्या डोळ्यांदेखत उचलली, तेव्हा मी त्याच्याशी भांडायलाच पुढे गेले होते. त्याने वळून माझा चढलेला पारा पाहिला आणि प्लेट माझ्यापुढे धरली.

"आपण माझ्याबरोबर बसाल का? दोघं मिळून खाऊ."

आपण! दिल्लीत वाढलेल्या, अर्ध्या वाक्यात हिंदीवर घसरणाऱ्या मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मी मुकाट्याने बसले.

तो राघव. मॉरिशसचा. त्याची खापरपणजी कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेली, आणि हा मराठी शिकला ती संध्याकाळच्या शाळेत, पुस्तकातून. भारत त्याच्यासाठी परदेशच. सुट्टी घेऊन हिंडायला आलेला, शेवटचा आठवडा दिल्लीत.

तो आठवडा मी त्याला दिल्ली खाऊ घातली. छोले-भटुरे त्याने मिटक्या मारत खाल्ले. मोमोजच्या लाल चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी पठ्ठ्या म्हणे, छान आहे. बोलता बोलता गाडी फुटबॉलवर यायचीच. त्यांच्याकडे इंग्लंडमधल्या क्लबांवरून घरात भांडणं होतात. त्याच्या आजीने सख्ख्या जावयाशी अबोला धरला होता. मी हसत होते, आणि आत कुठेतरी घाबरतही होते... हा जाणार होता.

रविवारी मयूर विहारच्या मैदानावर आमच्या मराठी पोरांची मानेसरच्या कारखान्यातल्या मुलांशी फायनल होती. कप्तान माझा चुलतभाऊ समर्थ. यूपीएससीच्या अभ्यासातून उरलेला सगळा जीव त्याने या टीमवर टाकलेला. ऐन वेळी गोलकीपर तापाने आडवा झाला. राघव म्हणाला, घरी मी गोलमध्येच उभा राहतो. त्याचं विमान त्याच संध्याकाळी होतं.

मला फक्त एवढंच हवं होतं की जाण्याआधी त्याने काहीतरी बोलावं. मी पहिली बोलणार नव्हते. हट्टी आहेच मी.

सकाळी सगळी टीम आमच्याकडे पोहे खाऊन निघाली. आईने नेहमीप्रमाणे माझ्या हातात दह्याची वाटी दिली. मी दारात उभी राहून एकेकाच्या तळहातावर चमचाभर ठेवत गेले. राघव आला. त्याने हात पुढे केला, माझ्याकडे पाहिलं... आणि मूठ मिटून हात मागे घेतला.

"नको. आत्ता नको."

समर्थ म्हणाला, "अरे यार, शगुन असतो." राघव बूट घालत राहिला. आईचा चेहरा उतरला आणि माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. घरचं कुणी म्हणून दिलेलं दही असं कुणी नाकारतं?

मॅच मी ओठ चावत पाहिली. बरोबरी झाली आणि पेनल्टी आल्या. राघवने एक अडवली तेव्हा मी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, फक्त ओढणीला पीळ घालत बसले. शेवटची पेनल्टी. तो डावीकडे झेपावला, बॉल उजवीकडून आत गेला. हरलो. आमची पोरं दह्याचं नाव काढून कुरकुरत घरी गेली.

दुपारी टॅक्सी आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. भुरभुर पाऊस होता. तो आईच्या पाया पडला. मी खाली सोडायला गेले ते केवळ रीत म्हणून.

"रागावलीस," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं.

"दह्याने काय घोडं मारलं होतं तुझं?"

त्याने बॅग टॅक्सीत ठेवली आणि माझ्याकडे वळला.

"खापरपणजी निघाली तेव्हा तिच्या आईने हातावर दही ठेवलं होतं... परत ये म्हणून. ती कधीच येऊ शकली नाही. मरेपर्यंत तेच बोलत राहिली. तेव्हापासून आमच्या घरी परत यायचं नसेल, तर कुणी दही घेत नाही."

त्याला परत यायचं नव्हतं. म्हणजे उत्तर मिळालंच होतं मला, सकाळीच.

"म्हणून नाही घेतलंस."

"सकाळी तू सगळ्यांना देत होतीस," तो म्हणाला. "ते मॅचसाठी होतं."

त्याने तळहात उघडला. त्यावर पावसाचे थेंब पडत होते.

"आता फक्त मला दे."

लिफ्टची वाटही न बघता मी जिने चढले. आई कढीसाठी ताक घुसळायला बसली होती, तिच्या हातातून मी वाटी जवळजवळ हिसकावली. तळाशी थोडंसं उरलं होतं. तिने वर चिमूटभर साखर टाकली.

खाली आले तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. चमचा आणायचा राहिला होता, मग बोटांनीच दही त्याच्या हातावर ठेवलं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "ऐकलंस ना? परत आलास की पुन्हा सांगेन."

"गणपतीत येतो," तो म्हणाला. "आजीला घेऊन."

माझ्याकडे बघत बघत त्याने तळहात चाटून साफ केला. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी रिकामी वाटी धरून उभी होते. वरून, गॅलरीतून आईचा आवाज आला.

"घेतलं का गं त्याने?"

"घेतलं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.