आरशासाठी उलटं छापलेलं गाणं

केस कापून घेताना डोळे मिटून बसावं, हे शहाणपण तिला त्या दिवशी सुचलं नाही. आरशात तिची नजर स्वतःच्या केसांवरून मागच्या भिंतीवर गेली—आणि तिथेच अडकली.

भिंतीवर एका गाण्याची स्वरलिपी चिकटवलेली होती. आरशात ती सरळ वाचता येत होती. म्हणजे छापलेली उलटी असणार!

"मान हलवू नका," केशकर्तनकार म्हणाला आणि पुन्हा गुणगुणू लागला.

आता मान जागेवर राहणं कठीण होतं. स्वरलिपी लिहायच्या एका मुक्त सॉफ्टवेअरची ती रिलीज-प्रमुख होती. असलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं, आणि भांडायला तर कोणालाच मज्जाव नसतो. येत्या मोठ्या आवृत्तीत काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ती ठरवत होती. मंडळी तिला लाडाने 'कात्री' म्हणत. लाडाने, असा तिचा समज होता.

पान उलटं छापायची सोय ती यंदा गाळणार होती. कोणाची हरकत आहे का, असं जाहीर विचारल्यावर एकच उत्तर आलं होतं : 'मी वापरतो. कशासाठी ते विचारू नका.'

तेव्हापासून कुतूहलाने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"म्हणजे ते तुम्ही!" ती ओरडलीच. "उलटी छपाईवाले! ती सोय गाळायला निघालेली 'कात्री' मीच."

त्याचे कान लाल झाले. "हळू बोला हो… बाकावर गिऱ्हाइकं आहेत."

"गाणं शिकण्यात लपवायचं काय?"

"काम करता करता आरशात बघून शिकतोय—दाढी करतानासुद्धा," तो कुजबुजला. "गळ्यावर वस्तरा आणि माझं लक्ष तालाकडे, हे कळलं तर कोण बसेल या खुर्चीत?"

तिने नकळत गळा चाचपला.

"घाबरू नका. तुमचे केस मी संथ लयीत कापतोय."

"आमचा नियम आहे," ती हसू दाबत म्हणाली. "एकट्यासाठी सोय ठेवायची तर कारण सगळ्यांसमोर लिहावं लागतं. दोघं वापरत असतील, तर कोणी विचारत नाही."

"मग गाळून टाका. गाणं सोडेन… दुकान नाही सोडता येणार."

तिने पुन्हा आरशात पाहिलं. "खालची ओळ दुसऱ्या आवाजासाठी आहे ना? ती कोण गातं?"

"अजून… कोणी नाही."

पुढच्या ऑनलाइन बैठकीत प्रश्न आला, "उलटी छपाई. वापरणारे किती?"

"दोन. एक ते, एक मी."

कात्रीने काही वाचवलं! पडद्यावर इतकी शांतता पसरली, की बैठकीतल्या दोघांनी आपापलं इंटरनेट तपासून पाहिलं.

बोलून बसल्यावर वापरणं आलं. ती दर आठवड्याला खुर्चीत बसू लागली. तो वरची ओळ गुणगुणे, ती खालची. संशय नको म्हणून दर खेपेला थोडे केसही कापले जात. आवृत्ती बाहेर पडली, तोवर खांद्यावरचे केस कानांच्या वर आले होते.

त्या दिवशी त्याने कात्री उचलली… आणि परत ठेवली.

"आता कापायला काही उरलं नाही."

"मग—उठू मी?"

"नको! म्हणजे… केस न कापताही येत जा ना. दुकान बंद असेल तेव्हाही. नेहमीच…"

हे तो जरा मोठ्यानेच बोलून गेला. बाकावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्र खाली केलं.

"हो म्हणा हो, बाई! इतके दिवस सगळा बाक ऐकतोय, अजून कोणाचा गळा कापला गेलेला नाही. फक्त खालची ओळ जरा सावकाश घ्या, तुम्ही फार घाई करता."

"हो," ती आरशातल्या त्याच्याकडे बघत म्हणाली. दोन्ही मागण्यांना.