अर्ध्या वाट्याचा माईक

तो माईक आधी मी पाहिला होता. यावर मी आजही ठाम आहे.

साल एकोणनव्वद. धुळ्याचे एक कॅसेटवाले खानदेशी लग्नगीतांची कॅसेट काढणार होते. त्यांना एक नवा आवाज हवा होता. घरीच गाणी भरून, दसऱ्यानंतर ठरलेल्या तारखेला नमुना आणून द्या, असा त्यांचा निरोप होता. सावद्यात कुणाचंही लग्न असलं की हळदीला मला बोलावणं यायचंच. पण दादाच्या टेपरेकॉर्डरमध्ये माझा आवाज असा यायचा, की मी पिंपात बसून गातेय! म्हणून चांगला माईक शोधत मी जळगावला इसाकभाईंच्या रेडिओच्या दुकानात गेले.

त्यांनी तीन माईक काढले. एक भजनी मंडळाचा, दणकट. एक परदेशातून आलेला, बोटाएवढा. आणि तिसरा बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतला, जुना, व्हॉल्व्हचा. सोबत जड लोखंडी डबा. मी तिसऱ्याकडे हात नेला... आणि त्याच क्षणी दुसरा एक हात तिथे आला. लांब बोटं, नखांत खडूची भुकटी.

"हा मी बघतोय," तो म्हणाला.

"मी बघून झालाय. आता घेतेय."

इसाकभाई हसले. "पहले गाके तो देखो! पण थांबा जरा... व्हॉल्व्ह तापू द्या. घाईवाल्यांचा माईक नाही हा."

मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघांनी चहा प्यायला. तो मगन. धुळ्याला देवपुरात राहायचा, शाळेत गणित शिकवायचा, आणि त्याच कॅसेटवाल्यांसाठी गाणं भरणार होता. म्हणजे माझ्याच वाटेतला धोंडा!

आधी मी गायले. मग हेडफोन मी घेतले आणि तो माईकसमोर उभा राहिला. त्याने गायच्या आधी नुसता श्वास घेतला — तो श्वास थेट माझ्या कानात आला. पुढचं गाणं चांगलंच होतं, पण माझं काम श्वासानेच केलं होतं. मी घाईने हेडफोन काढले. कान तापले होते माझे.

किंमत मात्र दोघांनाही झेपणारी नव्हती. शेवटी इसाकभाईंनीच तोड काढली. अर्धा वाटा तिचा, अर्धा तुझा. महिनाभर माईक सावद्याला, महिनाभर देवपूरला.

तेव्हापासून दर महिन्याला जळगावच्या एसटी स्टँडवर आम्ही भेटायचो. त्याची धुळ्याची गाडी, माझी सावद्यावरून जाणारी रावेरची. मधला वेळ चहापुरता. एखाद्या लेकराची करावी तशी माईकची देवाणघेवाण व्हायची.

"खरखरतोय जरा," तो तक्रार करायचा. "तुमच्या केळीच्या बागांची ओल बाधते त्याला."

"आई तांदळाच्या डब्यात ठेवते हो त्याला. रोज."

"मग सुखात आहे. मला कुणी एवढं जपत नाही."

"तुम्हाला डब्यात मावायला हवं ना..."

तो हसायचा आणि मान खाली घालायचा. त्या हसण्यासाठी मी महिनाभर थांबायचे. माईक माझ्याकडे असला की गाणं भरायचे, आणि त्याच्याकडे असला की उगीचच कॅलेंडर बघायचे. हे प्रेम आहे हे मला कळत होतं. सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

माझी कॅसेट भरून झाली. एका बाजूला हळदीचं गाणं, दुसऱ्या बाजूला बिदाईचं. बिदाईचं तर असं उतरलं होतं, की ऐकून वडिलांनी, आबांनी, मान डोलावली आणि आईने डोळ्यांना पदर लावला. आणि मग आला दसरा.

सकाळी मी आंघोळ करून येते तर देव्हाऱ्यापुढे विळा, पावशी, दादाचे पाने-पक्कड... आणि त्यांच्या शेजारी माईक! जाळीवर पाणी शिंपडलेलं, वर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं.

"आई! हे काय केलं?"

"दसऱ्याले समदी हत्यारं पुजतेत," आई शांतपणे म्हणाली. "तुह्यं हत्यार हेच नं?"

लावून पाहिला. कढईत पापड तळल्यासारखा आवाज. मगनचं मनासारखं गाणं अजून भरून व्हायचं होतं, त्यासाठी मी माईक पोचवणार होते, आणि नमुने द्यायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवसाची होती. गप्प बसले असते तर स्पर्धेत एक आवाज कमी. पण माझ्याने बसवेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी माईक आणि माझी कॅसेट घेऊन थेट देवपूर गाठलं.

त्याने जाळी उघडली, कुंकू पाहिलं. मी रडायच्या बेतात.

"हळदसुद्धा लागलीय," तो गंभीरपणे म्हणाला. "नवरदेव झालाय हा."

मग कोरड्या ब्रशने त्याने सगळं साफ केलं. त्याच्या आई ताईबाईंनी आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. व्हॉल्व्ह तापला. आवाज स्वच्छ आला! पण दोन ओळी होतात न होतात, तोच त्याच्या टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. फीत चुरगळून, तुटून बाहेर. घरात दुसरी कॅसेट नाही, आणि बाजार बंदचा दिवस. संध्याकाळी कॅसेटवाले मुंबईला निघणार.

मी पर्समधून माझी कॅसेट काढली. उलटी करून, बिदाईची बाजू वर ठेवून आत सरकवली.

"द्वारका... यावर तुमचं गाणं आहे."

"होतं," मी म्हटलं आणि दोन्ही बटणं दाबली. "गा. फीत फिरतेय."

त्याने माईक जवळ ओढला. मग डोळे मिटून गायला. इतकं गोड तो त्याआधी कधी गायला नव्हता, आणि माझं गाणं पुसलं जाताना मला जराही वाईट वाटलं नाही.

कॅसेट दिली. निवड तिसऱ्याच कुणाची झाली, हे पुढे कळलं. त्या संध्याकाळी मात्र त्याचं काही नव्हतं. धुळ्याच्या स्टँडवर रावेरची गाडी लागली होती. त्याने माईकची पेटी पुढे केली. "महिना अजून तुमचाच आहे."

मी हात मागे घेतले.

"नको. ठेवा तुमच्याकडेच. मला तुम्ही आवडता, मगन. आता वाटा नकोय मला... आबांना भेटायला या."

एवढं बोलून मी गाडीत चढले ते मागे न बघता. खिडकीशी बसले. बाहेर पाहायची हिंमत होईना. घंटी वाजली, गाडी हलली... आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी धपकन बसलं. मांडीवर माईकची पेटी, पायात घरातल्या स्लिपर.

"अहो, उद्या शाळा आहे तुमची!"

"उद्या मास्तर आजारी शे," तो धापा टाकत म्हणाला आणि कंडक्टरकडे वळला. "सावदा. दोन द्या."