तांब्याचं कडं

माणसाच्या गळ्यात सहज जाईल एवढं तांब्याच्या नळीचं कडं हातात धरून स्कूटर चालवता येत नाही, हे यशस्विनीला देवराज मोहल्ल्यातल्या दुकानाबाहेर आल्यावर कळलं. शेजारी एक तरुण अग्रहार भागात जायला रिक्षा शोधत होता. मागे बसून हे धराल का, असं तिनं त्याला कन्नडमध्ये विचारलं.

"धरायचं तरी कसं..." तो मराठीत पुटपुटला.

"गळ्यात घाला," तीही मराठीत म्हणाली. "सुम्ने, सहज आपलं घाला हो, लग्न नाही लागत त्यानं."

तो देवेश. नोकरीसाठी सांगलीहून आलेला. तिच्या छोट्या गच्चीवर लांब तार ताणायला जागा नव्हती, म्हणून हौशी रेडिओसाठी ती हे कडं अँटेना म्हणून उभं करत होती. सांध्यात जराशी घाण राहिली तरी निम्मी ताकद तापण्यात वाया जाते, असं तिनं सांगितलं आणि सांधे घासायचं काम त्यानं आपणहून घेतलं. सोल्डरिंगचा डाग ती द्यायची. ज्या संध्याकाळी श्रीलंकेतल्या कुणीतरी तिच्या हाकेला उत्तर दिलं, त्या संध्याकाळी तो तिच्याहून जास्त हसला.

पण कड्याची एक खोड होती. त्याची जुळणी इतकी नाजूक, की कुणी जवळ आलं तरी बिघडायची. ती स्वतःही लांब प्लास्टिकच्या काठीनं बटण फिरवायची आणि म्हणायची, "स्वल्प मागे सरा."

तो पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राही. रोज. ते म्हणताना तिचं मन रोज मागे ओढ घ्यायचं... पण जवळ बोलवायला कारण काय सांगणार?

मग त्याची पुण्याला बदली झाली. निघायच्या संध्याकाळी तो बॅग घेऊन आला आणि सवयीनं टाकीपाशीच थांबला.

"इकडे या," ती म्हणाली.

"आवाज जाईल ना?"

"आज तुम्हाला धरूनच जुळवते."

तो शेजारी आला. त्याची बाही तिच्या कोपराला लागली. काठी हलकेच फिरली आणि खरखरीतून कुणा अनोळखी माणसाचा आवाज स्वच्छ उमटला. दोघं ऐकत राहिले.

"येतो मी," अखेर तो म्हणाला.

"हं."

दोन पावलांतच आवाज विरला. काठी जराशी फिरवली असती तर आवाज परत आला असता. तिनं काठी खाली ठेवली आणि नुसती खरखर ऐकत बसली.

बऱ्याच वेळानं त्या खरखरीतून एक बारीक धागा वर आला... मग शब्द... मग मघासारखाच स्वच्छ आवाज. तिनं वळून पाहिलं नाही.

"बस चुकेल तुमची."

"उद्याही बस आहे. टाकीपाशी उभं राहून हे सांगता येत नव्हतं..."

"काय?"

"तुमच्यापासून लांब उभं राहणं आता जमत नाही मला."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग आता," ती हळूच म्हणाली, "स्वल्पसुद्धा मागे सरू नका."