काचेच्या आतल्या बाजूने

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात. सुरतेला, लिंबायतमध्ये.

साल १९९६. सर्वपित्री अमावास्या.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मावशीचं नाव रंजना. हेमराजकाकांशी तिचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. काकांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, सुंदरा, काविळीने गेली. तिचा फोटो चुलीसमोरच्या भिंतीवर होता. मावशी भाकरी थापायची आणि सुंदरा वरून बघत असायची.

भाद्रपदात त्या फोटोला ओल लागली. कोपरा काचेला चिकटला. काका तो घेऊन मगनभाईंच्या फ्रेमच्या दुकानात गेले. मावशी बरोबर होती. लग्नाचा फोटोही मढवायचा होता ना!

"फोटो काचेला टेकला की गेला समजा," मगनभाई म्हणाले. "मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालू, माउंट म्हणतात. मागून प्लाय, कडेने पट्टी. वरसोवरस काय नाय व्हायचं."

काकांनी सुंदरासाठी सागवानी लाकूड निवडलं. कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. माउंट पांढरं घ्यावं की मोतिया, यावर घोळ घातला.

"मोतियाच. तिला शोभेल."

"आणि आपल्या फोटोला?" मावशीने विचारलं.

"त्याला काय... ती सोनेरी प्लास्टिकची पट्टी लावा."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलीला सागवान, आणि जितीला प्लास्टिक!

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली.

"भाई, लग्नाचा फोटो सागवानात घाला, मोतिया माउंटसकट. त्या बाईचा प्लास्टिकमध्ये. माउंट नको. काच थेट फोटोवर."

"बेन, एका चोमासात, एका पावसाळ्यात खराब होईल तो."

"होऊ द्या."

काकांना तिने सांगितलं, दुकानदाराचीच चूक. काकांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी टांगले.

अमावास्येला काका सुंदराच्या नावाने पाणी द्यायला तापीवर गेले. मावशी घरात एकटी. अमावास्येची सुट्टी म्हणून लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने बंद होते. एरवी खडखडणारी गल्ली मुकी झाली होती.

तेवढ्यात...

टिक्... टिक्...

काचेवर नख वाजवावं तसं.

पाल असेल, असं वाटून मावशीने सुंदराच्या फोटोकडे पाहिलं. काच कोरडी. फोटो लख्ख.

टिक्...

आवाज सागवानी फ्रेममधून येत होता.

ती जवळ गेली. काचेवर वाफ जमली होती. कुणीतरी तोंडाने श्वास सोडावा तशी. तिने पदराने पुसली.

पुसली जाईना.

वाफ आतल्या बाजूने होती...

आणि त्या वाफेत पाच बोटं उमटली.

हात हळूहळू सरकला. काकांच्या चेहऱ्यावरून अलगद. मावशीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला... आणि घासू लागला.

वाफ विरली तेव्हा काका फोटोत तसेच उभे होते. शेजारी मावशीचा शालू होता, हार होता, मुंडावळ्या होत्या.

चेहरा नव्हता.

मावशी अनवाणीच गल्लीत धावली. काका येईपर्यंत आत गेली नाही.

"काय व्हयनं वं तुले?" काय झालं म्हणून काकांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

तिने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं.

दुकानात नेल्यावर मगनभाईंनी फ्रेम उघडली. मागची पट्टी जशीच्या तशी. प्लाय कोरडा. माउंट कोरडं. पण मावशीचा चेहरा कागदावरून उचकटून काचेला चिकटला होता. मध्ये माउंट असताना!

मगनभाईंनी हात मागे घेतले. "बेन, आता यात तुमचा फोटो मी नाय घालणार."

मावशीने रडत रडत फ्रेम बदलल्याचं कबूल केलं. काकांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. सुंदराचा फोटो सागवानी फ्रेममध्ये गेला, मोतिया माउंटसकट. आवाज थांबला.

मागच्या दिवाळीत मी मावशी-काकांचा एक छान फोटो मढवून नेला. मावशीने तो बघितला, हसली, साडीत गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवून दिला.

"अगं, भिंतीवर जागा आहे की!" मी म्हणाले.

मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल... तिला शेजारीण चालत नाही."

मी चहा अर्धा टाकून उठले. दारापर्यंत गेले, पण त्या भिंतीकडे पाठ करायचा धीर काही झाला नाही.