गार पत्रा

जळगावच्या एमआयडीसीत आंब्याचा आणि केळीचा गर काढणारा एक कारखाना आहे. मे महिन्यात तिथे आंब्याच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. अशाच दिवसांत तिथे वाफेची नवी लाइन टाकली आणि तिला पांघरूण घालायला पुना नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं.

पांघरूण हा पुनाचा शब्द. कारखान्यात त्याला लॅगिंग म्हणतात. बॉयलरमधून निघालेली वाफ शेवटच्या भांड्यापर्यंत गरमच पोचायला हवी. म्हणून पाइपाभोवती दगडी लोकरीची गादी गुंडाळायची, तारेने आवळायची, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा आणि स्क्रू मारायचे. पाइप जिथे वळतो त्या बेंडवर पत्र्याच्या पाकळ्या कापून माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवायच्या. व्हॉल्व्हसारख्या वेड्यावाकड्या जागी काचेच्या कापडाच्या उशा शिवून बांधायच्या. पुनाचा जन्म यातच गेला होता. धुळ्याकडच्या गावातून तो तरुणपणी इकडे आला, तेव्हापासून लोकरीची कुसळं त्याच्या अंगातून कधी पुरती निघालीच नाहीत.

उशा शिवायला बेबाबाई होती. तीही त्याच्याच गावची. तिचा नवरा छगन याच कारखान्यात हमाल होता. एका हिवाळ्यात मागच्या जुन्या शीतगृहात माल लावायला म्हणून आत गेला, आणि बाहेरून कोणीतरी दार लोटलं. आतली कडी केव्हाचीच मोडलेली होती. सकाळी दार उघडलं तेव्हा तो पोत्यांच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन पडलेला सापडला. पुढे ते शीतगृह बंद केलं, त्यात रिकामे पिंप भरले, आणि बेबाबाईच्या मुलाला, नवलला, बॉयलरवर कामाला घेतलं. बाईने या गोष्टीचा कधी बोभाटा केला नाही. खाली मान घालून ती सुई ओढत राही.

लॅगिंगवाल्यांची एक रीत असते. लाइनमध्ये पहिल्यांदा वाफ सोडली की म्हाताऱ्या कारागिराने बॉयलरपासून शेवटपर्यंत पत्र्याला तळहात लावत जायचं आणि जागोजागी ओरडून सांगायचं, "अंग गार शे!" गार म्हणजे हाताला चटका बसत नाही एवढंच. आत वाफ उकळत असते, वर हात ठेवता येतो, म्हणजे काम पक्कं.

त्या सकाळी पुना असाच निघाला. पत्रा कोमट लागत होता, आणि पुनाचा आवाज कारखानाभर घुमत होता. मागच्या भिंतीशी, जिथे लाइन जुन्या शीतगृहाला वळसा घालते, तिथे तो परांचीवर चढला आणि त्याने बेंडवर हात ठेवला. पत्रा माठासारखा गार होता.

पुना हसला. खाली बेबाबाई बसली होती तिला म्हणाला, "बेबा, असं काम बठ्ठा जिल्हामा कोणी करी दखाडा! वाफ जाई राहिनी आणि पत्रा दख, कसा बरफना मायक!"

"काळा टिक्का लाव त्याले नाना," बेबाबाई म्हणाली. "नजर लागी जाई."

पुनाने ओलसर तळहात सदऱ्याला पुसला. घाम असेल, असं वाटलं त्याला. पुढच्या बेंडकडे जाताना त्याची छाती फुगलेली होती.

दुपार झाली तशी गडबड सुरू झाली. व्यवस्थापक योगराज, चांगला शिकलेला आणि एरवी नीट बोलणारा मुलगा, घामाघूम होऊन आला.

"नाना, शेवटच्या भांड्यात वाफ थंड येतेय. गर शिजतच नाही. बाहेर आठ गाड्या उभ्या आहेत, माल सडायला लागलाय. तुमच्या कामात कुठे फट राहिली का?"

"मन्हा कामात फट?" पुना म्हणाला. "साहेब, हात लावून पाहा ना. कुठेच चटका नाही."

योगराजला हात लावत बसायला वेळ नव्हता. तो बॉयलरकडे वळला. "नवल, दाब वाढव. काटा लाल रेघेवर धर."

"साहेब, बॉयलर जुना आहे. रेघेवर किती वेळ धरायचा?"

"गर शिजेपर्यंत."

"रेघेच्या पुढे गेला तर?"

"जाऊ देऊ नकोस. म्हणून तर तुला ठेवलंय तिथे."

नवलने भट्टीत आणखी लाकूड सारलं. काटा हळूहळू चढायला लागला आणि जुना बॉयलर पोटातून घुमायला लागला. तो घुमार बेबाबाईने ऐकला. सुई तशीच कापडात टोचून ती उठली आणि पुनासमोर येऊन उभी राहिली.

"नाना, मन्हा पोऱ्या त्या बॉयलरजोडे उभा शे. चूक तुन्ही व्हई ते आतेच काढ. नंतर मी कोणले इचारू?"

पुना परत निघाला. या वेळी तो ओरडला नाही. बॉयलरपासून एकेक हात पुढे सरकत गेला. सगळीकडे कोमट. मागच्या बेंडशी आला, परांचीवर चढला, हात ठेवला. बोटं आखडली.

तेव्हा कुठे त्याला आपली चूक कळली. चांगलं पांघरूण आतली ऊब आत ठेवतं, एवढंच. मे महिन्यातली जळगावची हवा भट्टीसारखी. सावलीतलं लोखंडही हाताला गरम लागतं. त्या हवेत टांगलेला पत्रा हवेपेक्षा गार राहील, असं काम कोणत्याच कारागिराच्या हातून होत नाही. सकाळी ज्याच्यावर तो फुशारला होता, ते त्याचं काम नव्हतंच.

पत्र्यावर पाण्याचे थेंब साठले होते. एक थेंब खाली ओघळला.

ती जागा म्हणजे दोन भिंतींमधली बोळ. वर उन्हाची पांढरी पट्टी, खाली अंधूक. आंब्याच्या सालींचा आंबूस वास तिथपर्यंत येत होता. त्याच्या खालून दुसरा एक वास होता, ओल्या गोणपाटाचा, बंद खोलीचा. पुनाने पत्र्याला कान लावला.

टक… टक टक… टक टक टक…

तापणारा पाइप वाजतो, हे त्याला ठाऊक होतं. लोखंड फुगतं, एकदोनदा टिकटिकतं, गप्प होतं. हे गप्प होत नव्हतं. मध्येच थांबे, श्वास घेतल्यासारखं, आणि पुन्हा सुरू होई. पुनाने असा आवाज थंडीत शेकोटीपाशी बसलेल्या माणसांकडून ऐकला होता. दातावर दात आपटत होते.

तो खाली पळाला नाही. बॉयलरचा घुमार त्याला इथपर्यंत ऐकू येत होता. त्याने पेचकस काढला आणि बेंडवरच्या पाकळ्यांचे स्क्रू सोडवायला घेतले. सोडवलेले स्क्रू तो सदऱ्याच्या खिशात टाकत होता. पहिली पाकळी निघाली तशी आतून गारठा बाहेर आला. तोंडातून वाफ निघावी असा गारठा, भर दुपारी.

लोकरीवर पांढरं दव गोठलं होतं. आणि लोकर दबलेली होती, जुन्या गादीत निजणाऱ्याचं अंग उमटावं तशी. एक खळगा खांद्याचा, खाली कुशीचा, मग पोटाशी ओढलेले दोन गुडघे. वर गालाचा खळगा, आणि गालाखाली हाताचा पंजा. सगळं माणसाचं होतं, पण एवढंसं. थंडीने आखडून आखडून माणूस बाळाएवढा झाला असावा, तसं.

"नाना, काय दखी राहिना?" खालून बेबाबाईने विचारलं.

"वर येऊ नको बेबा."

पण ती चढलीच होती. तिने आत पाहिलं. पुनाला वाटलं, ही आता किंचाळेल आणि खाली पडेल. त्याने तिचा दंड धरला. बेबाबाईने तो हळूच सोडवून घेतला, आणि गालाच्या त्या खळग्यात आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"त्याच शेतस, नवलना बाप," ती म्हणाली. "निजताना हात असाच गालखाले लेयेत…"

आतली टकटक क्षणभर थांबली.

"थंडी वाजी राहिनी त्यास्ले, नाना. अजून वाजी राहिनी."

बॉयलरकडून शिट्टीसारखा आवाज आला. दाबाची झडप उडाली होती. कोणीतरी ओरडलं, "नवल, मागे हो!" आणि नवलचा आवाज आला, "नाही, काटा सोडता येत नाही आता!"

बेबाबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. ती खळग्याकडे पाहून कुजबुजली, "पोऱ्या शे तठे… आपला पोऱ्या…"

पुना लोकरीकडे टक लावून पाहत होता. दव फक्त वरच्या अंगाला होतं. खळगे वरून आत गेलेले होते. जो कोण होता तो बाहेरून लोकर दाबत होता, पाइपाकडे सरकायला पाहत होता, ऊब ओढत होता, आणि पुनाने आवळलेली गादी त्याला आत येऊ देत नव्हती. जेवढं पोचत नव्हतं तेवढा तो जास्त ओढत होता.

"बेबा," पुना म्हणाला, "आपण त्याले पांघरूणना बाहेर ठेयेल शे."

त्याने तार कापली आणि ती गादी उपसून खाली टाकली. उघडा पाइप धगधगत होता. त्या बोळीत एका हाताला धग होती आणि दुसऱ्या हाताला बर्फ.

"उशी शिव. मोठी. एक बाजू उघडी ठेव, पाइपकडली. झोळीना मायक."

बेबाबाईने खालून कापड आणि सुई आणली आणि ती तिथेच परांचीच्या फळीवर बसली. तिने सुई इतकी भराभरा ओढली की काचेचा दोरा बोटात रुतून रक्त आलं, पण ती थांबली नाही. लोकर भरलेली झोळी तयार झाली. पुनाने हातमोजे चढवले आणि ती पाइपाशी धरली, पाठ बाहेर, तोंड पाइपाकडे. मध्ये एवढीशी जागा रिकामी राहिली. वरची कड त्याने थोडी उचलून धरली.

काहीच होईना. बॉयलर घुमत होता. पुनाच्या मोज्यांतून चटका आत येऊ लागला.

बेबाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. घरी पाहुणा आल्यावर बाई बोलते तशा हळू, अदबीच्या आवाजात तिने आत बोलावलं, "या… मझार या आते."

पुनाच्या मनगटावरून काहीतरी गेलं. विहिरीचं पाणी कोणी सावकाश ओतावं तसं, जड, गार, खालून वर आणि वरून आत. ते जायला फार वेळ लागला. एवढंसं दिसत होतं, पण संपता संपत नव्हतं. पुनाने डोळे मिटून घेतले आणि झोळी घट्ट धरून ठेवली. मग अखेरचं काहीतरी निसटून आत गेलं, आणि मनगटावर मे महिन्याची गरम हवा लागली.

टकटक थांबली होती.

त्याने झोळीची कड पाडली, तार दोनदा फिरवून आवळली, पाकळ्या जागच्या जागी बसवल्या आणि वरून एक तार नुसतीच गुंडाळली. तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, "वाफ आली! भांडं उकळलं!" आणि पाठोपाठ नवलची हाक ऐकू आली, "काटा उतरला!" घुमार ओसरत गेला, शेवटी नेहमीची गुणगुण उरली.

बेबाबाई खाली उतरली आणि बॉयलरच्या दिशेने चालायला लागली. चालता चालता ती पळायला लागली.

पुनाही स्क्रू मारायचे तसेच ठेवून उतरला. नळाखाली मनगटं धरली, घोटभर पाणी प्यायला. योगराज येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, सापडलं ना शेवटी? काय होतं?"

"जागा कमी पडली होती," पुना म्हणाला. "करून दिली."

योगराज हसला आणि गेला. पुनाला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर सकाळी वाटलं होतं त्याहून बरं. आता एवढे स्क्रू मारले की काम संपलं, म्हणून तो परत बोळीत गेला. परांचीवर चढला. बेंडवर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता, निजलेल्या माणसाच्या पाठीसारखा. थेंब वाळून गेले होते.

त्याने खिसा चाचपला. स्क्रू नव्हते.

खाली पडले असतील म्हणून त्याने वाकून पाहिलं. मग बेंडकडे पाहिलं. त्याने गुंडाळलेली तार सुटून लोंबत होती, तरी पाकळ्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या होत्या, केस शिरणार नाही अशा. प्रत्येक भोकात स्क्रू होता. पुनाने पेचकस पुढे केला, आणि तो टेकवायला त्याला जागाच सापडेना. एकाही स्क्रूचं डोकं बाहेर नव्हतं. ओळीने सगळी टोकं बाहेर आली होती, आतून मारल्यासारखी.

त्यातलं खालचं एक टोक अजून हळूहळू फिरत होतं.