करवलीचं मागणं

श्रावणातल्या एका रविवारी आमचं काल्हेरचं रिकामं गोडाऊन भाडेकरूला दाखवायला गेले, तर आत कुणीतरी रेकत होतं. म्हैस शिरली असणार, म्हणून मी काठी घेऊनच शटरखालून वाकले. म्हैस नव्हती. पाठमोरा एक मुलगा खुर्चीवर बसून वेटोळ्यांचं पितळी वाद्य वाजवत होता, आणि त्याचा उजवा हात वाद्याच्या रुंद तोंडात होता.

"कोणाला विचारून बसलास इथे?"

"वॉचमनला."

"आणि मालकाला?"

"मालक कधी येतच नाहीत..." तो वळला. काठीकडे बघितलं. "तुम्ही... मालक?"

"मालकाची मुलगी. मेघाली."

त्याने गडबडून वाद्य उलटं केलं, तर आतून पाणी सांडलं. मी नाक मुरडलं.

"थुंकी नाही ती," तो लाजून म्हणाला. "श्वासाची वाफ... तिचं पाणी होतं."

पत्र्यावर सर आली, भाडेकरू आलाच नाही, आणि मी काठी बाजूला ठेवून ऐकत बसले. म्हैस वगैरे काही नाही, फार गोड आवाज होता तो.

त्याचं नाव हरेश, गाव जवळचंच पूर्णा. लडकूमामाच्या बँडमध्ये हळदीला ट्रंपेट वाजवत मोठा झालेला. पुढे मुंबईच्या एका सरांनी त्याला ऐकलं आणि हे फ्रेंच हॉर्न हातात दिलं. आता तिथल्या पाश्चात्त्य संगीताच्या ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं की त्याला बोलावतात. घरी वाजवलं की शेजारी ओरडतात, म्हणून गोडाऊन.

"कायमची खुर्ची मिळायला ऑडिशन असते," तो म्हणाला. "डिसेंबरात आहे."

दर रविवारी मला गोडाऊनमध्ये काहीतरी काम निघू लागलं. मी बडबडायचे, तो हसायचा. कधी बोलायला तोंड उघडायचा... आणि पुन्हा हॉर्नच तोंडाला लावायचा. मला त्या हॉर्नचा रागच यायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्याकडे भाविकदादाच्या लग्नाची घाई सुरू झाली. डिसेंबरात, हळदीच्या संध्याकाळी मांडवात लडकूमामाचा बँड उभा राहिला, आणि ट्रंपेट घेऊन... हरेश.

मी त्याला बाजूला ओढलं. "उद्या ऑडिशन आहे ना तुझी?"

"मामाचा वादक बाईकवरून पडला. मामानेच शिकवलंय मला, न्हाय कसं म्हणू?"

"आणि उद्या?"

"बघू..." तो खाली बघत म्हणाला.

रात्रभर ट्रंपेट फुंकलं की ओठ सुजतात, मग हॉर्नवर सूर लागत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "करवलीचा मान राहिलाय. बोल गो, काय पायजे तुला? साडी, का सोनं?"

"हरेशला आज वाजवायला लावू नका," मी म्हणाले.

हळदीच्या हातांनी बायका थबकल्या. लडकूमामांनी विचारलं, "कशाला गो पोरी?"

"त्याचे ओठ सुजतील."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा हसले नाहीत. "त्याच्या ओठांची तुला एवरी काळजी कशाला?"

हरेश माझ्याकडे बघत होता. मग म्हटलं, होऊन जाऊ दे.

"कारण तो मला आवडतो, बाबा."

लडकूमामा पुढे आले आणि हरेशच्या हातातलं ट्रंपेट काढून घेतलं. "आन इकरं. मी अजून मेलो न्हाय." त्यांनी असा काही सूर लावला की सगळे पुन्हा नाचायला लागले.

बाबा हरेशजवळ गेले. "तू घरी जा नि झोप. उद्या नीट वाजव. मग ये, बोलायचं हाय."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तेव्हा फोन वाजला.

"मिळाली खुर्ची," हरेश म्हणाला.

मी एका हाताने डोळे पुसले. मांडवात एवढा गोंगाट होता की दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

"मेघाली... काल तू सगळ्या गावासमोर बोललीस. मी तुला एकटीलासुद्धा अजून..." त्याने मोठा श्वास घेतला. आणि बोलला, अगदी साधं, अगदी हळू. "ऐकू आलं?"

"आलं," मी म्हणाले. "आता ये, आणि हेच बाबांना सांग."